प्रोस्टेटची गाठ आणि ‘नुसतं लक्ष ठेवू’: हा उपचार की टाळाटाळ?

सांगलीकर_विश्रामबाग (धागाकर्ता)
महिनाभर घरात दुसरा विषय नाही. अण्णा (वडील, वय ६६) रात्री चारचारदा लघवीला उठायचे म्हणून पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) केली, आली ६.८. मग एमआरआय, मग मिरजेत बायोप्सी. बारा तुकड्यांपैकी दोनांत कॅन्सर, ग्लीसन ३+३=६ (सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचे गुण, दोन आकड्यांची बेरीज). डॉक्टर म्हणाले, आत्ता काही कापायचं नाही. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षभरानं परत एमआरआय आणि बायोप्सी.

झालं, घरात भडका. आत्या रिपोर्ट हातात धरून म्हणाली, “दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या वर गेलाय की!” काकांनी तर पुण्यातल्या रोबोटवाल्या ऑपरेशनची चौकशीही केली. आता आत्याला कोण सांगणार की ही मोजणी व्यवहारात सहापासूनच सुरू होते. सहा म्हणजे सगळ्यात खालची पायरी. हाच घोळ जगभर होतो, म्हणून २०१४ मध्ये तज्ज्ञांनी १ ते ५ असे नवे गट केले. अण्णा गट १ मध्ये.

ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा अभ्यास झाला. १,६४३ पुरुष, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटलेले : देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांचे आकडे २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरनं मेलेले अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के. मला तरी यात घाई करण्यासारखं काही दिसत नाही. आज ऑपरेशन केलं तर ते आत्याच्या समाधानासाठी होईल. तुमचं मत?

द्राक्षबाग_तासगाव
साहेब, सोयीचे तेवढे आकडे दिलेत. त्याच अभ्यासात कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरला अशांचं प्रमाण बघा : देखरेखीत ९.४ टक्के, ऑपरेशनवाल्यांत ४.७. दुप्पट! माणूस मेला नाही म्हणजे सुखात राहिला असं नसतंय. आमच्या वडिलांची कंबर दुखायची. वर्षभर मणक्याच्या गोळ्या, पट्टा, शेक. शेवटी कुणीतरी पीएसए करायला सांगितली, ती ३०० च्या वर निघाली. हाडं पोखरली होती. कूस बदलताना ते ओरडायचे ते अजून कानात आहे.

आणि देखरेख करणार कोण? तिकडं तारीख चुकली की नर्स फोन करत असेल. आमच्या चुलत्यांनाही ‘लक्ष ठेवू’ सांगितलेलं. पहिली तारीख ऑक्टोबर छाटणीत गेली, दुसरी बेदाण्याच्या शेडवर. दीड वर्षात एकदाही पीएसए नाही. याला देखरेख म्हणायचं?

लॅबवाला_कराड
दोघंही खरं बोलताय, पण वेगवेगळ्या रोग्यांबद्दल. प्रोटेक्टमधले एक तृतीयांशाहून जास्त लोक मुळात कमी जोखमीचे नव्हतेच. शिवाय तिथली देखरेख मुख्यतः पीएसएवर चालायची, आजच्यासारखा मधूनमधून एमआरआय नव्हता. म्हणून ९.४ हा आकडा अण्णांना जसाच्या तसा लावू नका. तासगावकर, तुमच्या वडिलांचं निदानच उशिरा झालं. ते दुःख मोठं आहे, पण त्यावरून अण्णांचं ऑपरेशन ठरत नाही.

कमी जोखमीची जुनी व्याख्या १९९८ ची : पीएसए १० पर्यंत, ग्लीसन ६ पर्यंत, आणि बोटानं तपासताना गाठ लागत नाही किंवा लागली तरी एका बाजूला, अर्ध्या भागापर्यंतच. आता माझा प्रश्न. अण्णा प्रोस्टेटच्या गोळ्या घेतात का? फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड काही महिने चालू असेल तर पीएसए साधारण निम्मी दिसते. म्हणजे ६.८ ची खरी किंमत १३ च्या घरात जाते, आणि मग ते कमी जोखमीत बसत नाहीत. पाकीट बघा आधी.

सांगलीकर_विश्रामबाग
बापरे, हे कुणीच विचारलं नव्हतं. आत्ता डबा उपडा केला. बीपीची एक, ॲसिडिटीची एक आणि टॅम्सुलोसिन (लघवी मोकळी व्हायची गोळी). बाकी काही नाही.

लॅबवाला_कराड
टॅम्सुलोसिननं पीएसएत विशेष फरक पडत नाही. मग ६.८ च धरा.

वैदू_जत
रोज भोपळ्याच्या बिया खा, गाठ विरघळते.

पोवईनाका_सातारा
बिया खुशाल खा, पण त्यानं गाठ विरघळत नाही. तारीख तेवढी चुकवू नका.

माझं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली, म्हणून लिहितो. बाकी आपले पुरुष यावर बोलत नाहीत. मी रोज यवतेश्वरचा घाट चढायचो. ऑपरेशननंतर पहिले सहा महिने चढावर शिंक आली की पँट ओली. मेडिकलमध्ये पॅड मागताना ‘आईसाठी पाहिजेत’ म्हणायचो. प्रोटेक्टमध्येही सहा महिन्यांनी ४६ टक्के ऑपरेशनवाले पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. बायकोबरोबरच्या संबंधांचं तर विचारू नका. तरी मला पश्चात्ताप नाही, कारण माझा ग्लीसन ४+३ होता, म्हणजे अण्णांपेक्षा वरचा. ३+३ असता आणि कुणी मला कापलं असतं, तर मात्र भांडलो असतो.

द्राक्षबाग_तासगाव
पोवई नाका, मान गये. पण माझा मुद्दा तिथंच आहे. बायोप्सीची सुई नेमकी वाईट जागा चुकली असेल तर?

लॅबवाला_कराड
असं होतं, म्हणूनच वर्षाच्या आत-बाहेर दुसरी बायोप्सी. ती केलीच नाही तर ती देखरेख नव्हे, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आणि देखरेखीतल्या सगळ्यांचं ऑपरेशन कायमचं टळतं असंही समजू नका. प्रोटेक्टमध्ये १५ वर्षांत त्यांच्यातल्या साधारण ६१ टक्क्यांनी पुढं कधीतरी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच.

सांगलीकर_विश्रामबाग
६१ हा आकडा मला माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर थोडा टोचला. अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “म्हणजे दहातल्या चौघांची सुटका झाली. मी थांबतो.” आत्या रुसून इस्लामपूरला गेली.

द्राक्षबाग_तासगाव
थांबा बापडे. पण पुढची तारीख कुठं लिहिलीय? मोबाईलमध्ये म्हणू नका, चुलत्यांचीही मोबाईलमध्येच होती.

सांगलीकर_विश्रामबाग
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाखाली. ‘अण्णा, रक्त’. आईनं लिहिलंय.