एचएफची फॅट लागत नाही: वळू बदलू की वैरण?

प्रश्न: संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, दूध भरपूर, पण फॅट ३.२ टक्क्यांच्या वर जात नाही. पुढच्या रेतनाला वळू कसा निवडावा?

उत्तर १: आधी धार पूर्ण काढा, शेवटच्या दुधातच फॅट सर्वाधिक. सुकी वैरण कमी आणि पेंड जास्त झाली तरी फॅट पडते.

उत्तर २: वैरण ठीक असेल तर वळूचं गुणसूत्र १४ वरचं डीजीएटी१ जनुक (दुधातली फॅट बनवण्यात भाग घेणारं) बघा. त्याच्या प्रथिनात २३२ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असलं की फॅटचे टक्के वाढतात, पण दूध घटतं. अ‍ॅलानिन असलं की उलट. जर्सीत आणि देशी गाईंत लायसिनवालं रूपच जास्त.

उत्तर ३: म्हणून वळूच्या तक्त्यात (त्याच्या मुलींच्या दुधाचा अंदाज) फॅटचे टक्के आणि किलो दोन्ही पाहा. टक्के अधिक पण किलो उणे असेल तर तो वळू नकोच. फरक कालवडीत दिसेल, या गाईत नाही.