मदत हवी आहे: लिनिया टी-जेटला मोठा फ्युएल पंप, २५५ घ्यावा का ३४० एलपीएच (तासाला लिटर)? (सातारा)

यवतेश्वर_एक्स्प्रेस

नमस्कार मंडळी, गाडी २०१४ ची लिनिया टी-जेट, १३६८ सीसी, कंपनीतून ११४ पीएस ताकद आणि २०७ एनएम टॉर्क. सेकंड हँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने पुण्यातून रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घेतलेला होता, कागदावर १५० च्या आसपास पीएस आहेत आणि बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जास्तीचा दाब) साधारण १ बार. टर्बो मूळचाच, इंजेक्टर मूळचेच आणि पंप पण मूळचाच, म्हणजे गाडीएवढाच म्हातारा.

त्रास असा की एरवी काहीच नाही, पोवई नाक्याच्या गर्दीत गाडी गोड चालते, हायवेला शेंद्र्यापासून कराडपर्यंत १०० च्या स्पीडला निवांत, पण यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरला फुल रेस दिली की साडेचार हजार आरपीएमच्या पुढे ओढच जाते, झटका नाही, मिसिंग नाही, चेक लाईट नाही, नुसती आवाज करते आणि पुढं काही सरकत नाही. टाकी पाव राहिली की हे जास्त होतं हे पण लक्षात आलंय.

आधी बूस्ट गळत असेल म्हणून धूर मारून बघितला, सगळे पाईप ठणठणीत. प्लग नवीन टाकले, कॉईल अदलाबदल करून बघितल्या, फरक शून्य. मग एका मित्राकडून वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) आणून लावला, तर वरच्या आरपीएमला बूस्टमध्ये जिथं एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) पावणेबारा-बारा पाहिजे तिथं १३ च्या वर जातोय. हे बघितल्यापासून फुल रेस बंद केलीये, बूस्टमध्ये लीन (पेट्रोल कमी) चालवून पिस्टन वितळवायची आपली हौस नाही. त्यानंतर फ्युएल लाईनला टी टाकून प्रेशर गेज जोडला (गेज केबिनमध्ये आणू नका कोणी, पेट्रोलची लाईन आहे ती, मी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून वायपरखाली बांधला होता) आणि एकदा खात्री करायला पहाटे रिकाम्या रस्त्यावर बघितलं. आयडलला साडेतीन बार, आणि फुल लोडला २.८ पर्यंत खाली येतंय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय हे नक्की.

आता गोंधळ इथून सुरू होतो. ट्यूनर म्हणतो थेट ३४० एलपीएचचा टाक, पुढं मोठा टर्बो लावलास तरी चिंता नको. पार्ट विकणारा म्हणतो वॉलब्रो कंपनीचा २५५ घे, सगळे तोच टाकतात. एमआयडीसीतला आपला नेहमीचा मिस्त्री म्हणतो काही नाही, ओरिजिनल नवीन टाक आणि गप बस. तिघंही छातीठोक, आणि हिशोब एकानेही सांगितला नाही.

त्यात आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं. आम्ही कारखान्याला ऊस घालायचा आणि तोच फिरून टाकीत यायचा, आनंदच आहे, पण त्याला पेट्रोल जास्त लागतं म्हणतात, मग पंप मोठाच घ्यावा का? टर्बो बदलायचा विचार सध्या तरी नाही, बायकोने तेवढी परवानगी दिलेली नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, काय घ्यावं आणि घ्यायच्या आधी काय तपासावं.

विश्रामबाग_टीएसआय

मी माझ्या पोलोचं काम केलं तेव्हा टाकीतल्या पंपाला हात पण लावला नव्हता, पण माझं ऐकून तुम्ही काही ठरवू नका. टीएसआय डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) आहे, त्यात टाकीतला पंप कमी दाबाने पेट्रोल पुढं पाठवतो आणि इंजिनवर कॅमशाफ्टने चालणारा दुसरा पंप ते १०० बारच्या वर नेतो, तिथं बहुतेक वेळा तो दुसरा पंप आधी कमी पडतो. तुमची टी-जेट पोर्ट इंजेक्शनची (पेट्रोल सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत), तिथं जे काही आहे ते टाकीतल्या एकाच पंपावर. त्यामुळे यूट्यूबवर टीएसआयवाल्यांचे सल्ले बघत असाल तर सोडून द्या. आणि रविवारी यवतेश्वरला फुल रेस नको राव, कासला जाणारी सगळी पोरंबाळं त्याच रस्त्याला असतात.

मिरजेचा_वायरमन

दादा, पंप राहू दे बाजूला, आधी मल्टीमीटर घ्या. पंपाच्या कनेक्टरवर मागून पिन घालून व्होल्टेज बघा, पण आयडलला नाही, लोडवर बघा, आणि त्याच वेळी बॅटरीवर किती आहे ते पण. बॅटरीला पावणेचौदा आणि पंपाला अकरा-सव्वाअकरा, असं मी एवढ्या जुन्या गाड्यांमध्ये नेहमी बघतो. बारीक वायर, काळं पडलेलं कनेक्टर, गंजलेली अर्थिंग, प्रत्येक जण थोडं थोडं खातो. हे पंप रेट केलेले असतात साडेतेरा व्होल्टला, दोन-अडीच व्होल्ट कमी झाले की फ्लो जवळजवळ पाव भागाने पडतो. अशा वायरिंगवर तुम्ही ३४० टाकलात तर तो जास्त अँपिअर ओढणार, ड्रॉप अजून वाढणार, कनेक्टर वितळणार आणि वर म्हणाल पंप डुप्लिकेट निघाला.

कोरेगावकर

वायरमन बरोबर बोलतोय. मी फक्त तुम्ही मागितलेला हिशोब देतो, कारण २५५ आणि ३४० हे आकडे लोक मोबाईलच्या रॅमसारखे बोलतात, जास्त तेवढं चांगलं.

टर्बो पेट्रोल इंजिन फुल लोडला तासाला एका हॉर्सपॉवरमागे साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं, थोडं रिच (पेट्रोल जास्त) चालवायचं असतं म्हणून एवढं धरायचं. तुमचे १५० धरले तर साडेचाळीस किलो. लिटरचं वजन साधारण ७५० ग्रॅम, म्हणजे तासाला ५४ लिटर. २० टक्के इथेनॉलचं ७-८ टक्के वाढवा, ५८. त्यावर २० टक्के मोकळीक ठेवा, ७० लिटर. बस. तुम्हाला साडेतीन बारला ७० लिटर देणारा पंप पाहिजे आणि तुम्ही २५५ का ३४० विचारताय.

आणि पंपावर लिहिलेला आकडा कुठल्या दाबाला आहे ते बघत जा, बहुतेक वेळा तो ४० पीएसआयचा म्हणजे पावणेतीन बारचा असतो, दाब वाढला की फ्लो कमी होतो. तेवढं धरूनही तुमच्या कामाला २५५ खूप जास्त आहे.

आता जास्त असलं तर बिघडलं कुठं? तुमच्या गाडीत इंजिनकडून परत येणारी लाईन नाही, रेग्युलेटर टाकीतल्या मोड्यूलमध्येच आहे. आयडलला इंजिन घोटभर पेट्रोल पितं, बाकी सगळं त्या छोट्या रेग्युलेटरमधून परत टाकीत पडतं. पंप फार मोठा झाला की रेग्युलेटरला तेवढं सोडता येत नाही, आयडलला प्रेशर साडेतीनच्या वर चढतं, गाडी खालच्या आरपीएमला रिच होते आणि टाकीतलं पेट्रोल घुसळून घुसळून गरम होतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट ट्यूनरने सांगायला हवी होती. रेग्युलेटर टाकीत म्हणजे त्याला मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतलं) बूस्ट कळत नाही. लाईनमध्ये साडेतीन बार, समोरून मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट उलटं ढकलतंय, म्हणजे इंजेक्टरला खरा दाब अडीचच मिळतो आणि तेवढ्याने फ्लो जवळपास १५ टक्के कमी. हे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) माहीत असतं, तो इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरून काढतो. पण पंप दमून साडेतीनचे २.८ झाले की इंजेक्टरला उरले १.८, मग ईसीयू तरी काय करणार? म्हणून इंजेक्टर ड्युटी सायकल (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो) पण बघा. प्रेशर टिकून ड्युटी ९० च्या वर गेली तर इंजेक्टर छोटे पडतायत. प्रेशरच पडतंय तर पंप, पंपाच्या तोंडाची जाळी किंवा वायरिंग.

यवतेश्वर_एक्स्प्रेस

दोघांचेही आभार, एवढं तर पैसे घेऊन पण कोणी सांगितलं नाही. वायरमन दादा म्हणाले तसं मोजलं. आयडलला बॅटरी १३.८ आणि पंप १२.९. लोडवर बॅटरी १३.७ आणि पंप ११.२! अडीच व्होल्ट मधल्यामध्ये गायब. पाय लगेच काढला पण तेवढ्यात आकडा दिसला.

मग आता नुसता रिले (बॅटरीवरून जाड वायरने पंपाला थेट करंट देणारा स्विच) टाकला तर पंप न बदलता भागेल का?

मिरजेचा_वायरमन

रिले तर टाकाच, कुठलाही पंप घेतला तरी. बॅटरीवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, रिलेच्या ३० नंबरच्या पिनला ती वायर, ८७ वरून पंप, ८५ ला अर्थ आणि ८६ ला गाडीची मूळ पंपाची वायर. मूळ वायर कापून फेकू नका आणि इग्निशनवरून डायरेक्ट पण देऊ नका, काही जण देतात. तुमच्या गाडीला धडक बसली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच आहे, ट्रिगर मूळ वायरवरूनच राहिला तर तो पण चालू राहतो. नाहीतर अपघातात इंजिन बंद आणि पंप पेट्रोल सोडतोय, नको तो विषय. पंपाची अर्थिंग पण नवीन, बॉडीचा रंग खरवडून.

कोरेगावकर

रिलेने प्रेशर वर येईल, पण टाकी पाव झाल्यावर त्रास वाढतो म्हणालात ना, ते मला जाळी चोंदल्याचं किंवा पंप घासल्याचं लक्षण वाटतं. टाकी उघडणारच आहात तर मी नवीन पंप टाकेन, ओरिजिनल साईझचाच, सोबत नवीन जाळी. रिमॅप आहे तोच ठेवणार असाल तर त्याच्यावर जायची गरज नाही. उद्या खरंच मोठा टर्बो लावलात तर २५५ घ्या, पण तेव्हा रेग्युलेटर आणि रिटर्न लाईनचं काम त्याच्यासोबत करावं लागेल, आणि इन्शुरन्सला बदल कळवायचा विषय पण तेव्हाच काढा. वॉलब्रो घेतलात कधी तर अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून खूश होऊ नका, त्याच्या नकला खूप आहेत, डबा हुबेहूब असतो.

अजून एक, टाकीच्या आतला रबर पाईप साधा इंजेक्शन पाईप चालत नाही. तो बाहेरून पेट्रोल लागू नये अशा कामाचा असतो, पेट्रोलमध्ये बुडाला की काही महिन्यांत फुगतो, चिरतो आणि मग नवीन पंप असून प्रेशर पडतं. पाईपवर ३०आर१० लिहिलेलं बघून घ्या. जुबली क्लिप पण नको, इंजेक्शनची गोल क्लॅम्प घ्या.

यवतेश्वर_एक्स्प्रेस

रिले टाकून झाला. पंपाला आता लोडवर १३.३ मिळतायत आणि प्रेशर ३.२ च्या खाली जात नाही, एएफआर साडेबारापर्यंत आला. गाडी साडेपाच हजारपर्यंत ओढते आता. अजून पूर्ण बरोबर नाही म्हणून पंप आणि जाळी बदलणारच, ओरिजिनल साईझचा सांगितलाय. ट्यूनरला फोन केला तर म्हणाला ३४० टाकला असतास तर हे सगळं करावंच लागलं नसतं. बरं म्हटलं.

३०आर१० पाईप मात्र साताऱ्यात कुठं मिळेना, दुकानदार "हा पण तोच आहे साहेब" म्हणून साधा पुढं करतात. पुण्याला जायचं नसेल तर कोल्हापूर किंवा सांगलीकडे कोणाकडे मिळेल का?

विश्रामबाग_टीएसआय

कुपवाडला एक जण मागवून देतो, एका फुटाच्या तुकड्यात. व्यनि (वैयक्तिक निरोप) करतो. टाकी अर्ध्याच्या खाली आणून मगच मागच्या सीटखालचं झाकण उघडा, आणि आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाईनमधला दाब जाईल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा.

यवतेश्वर_एक्स्प्रेस

आला व्यनि, उद्याच फोन करतो. जुनी जाळी बाहेर निघाली की फोटो टाकतो इथे.