६ टक्क्यांवर खान्देशाला प्रमाणपत्र?

तापीकाठ: 'कपाशीवाला' यांची कालची पोस्ट: "राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नवऱ्याकडून लैंगिक हिंसा सांगणाऱ्या बायका जेमतेम ६ टक्के. ८२ टक्के नवऱ्याला संबंधासाठी नाही म्हणू शकतात. खान्देशात तर प्रमाण अजून कमी. बाकी सगळं पुण्या-मुंबईचं खूळ."

उत्तर लांबणार, इलाज नाही. 'अजून कमी' कुठून आणलंत? हिंसाचाराचा भाग राज्यपातळीच्या नमुन्यातल्या घरांतच विचारतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याच जिल्ह्याच्या तक्त्यात तो आकडा नसतो. शिवाय हिशेब १८ ते ४९ वयाचाच. धडगाव-अक्कलकुव्यात लग्न झालेली सतरा वर्षांची पोर त्यात धरलेलीच नाही, आणि २०१७ पासून नवऱ्याचा संबंध कायद्याने बलात्कार ठरतो तो नेमका तिच्याच बाबतीत!

प्रश्न तीनच: अंगबळाने संबंध, अंगबळाने इतर लैंगिक कृती, धमकी देऊन किंवा अन्य प्रकारे भाग पाडणं. 'तो काय करेल या भीतीने, मनात नसताना संबंध ठेवले का' हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या बहुदेशीय अभ्यासात होता, इथे नाही. म्हणून ६ हा तळ. आणि ८२? नाही म्हणता येतं का, एवढंच विचारलंय. म्हटल्यावर काय झालं, ते नाही.

कपाशीवाला: जिल्ह्याचा आकडा नाही, बरं. म्हणजे इथे जास्त आहे हेही तुम्हाला दाखवता येत नाही. आणि 'तळ' कशावरून? बाई वाढवूनही सांगेल. ४९८अ चं, सासरच्या छळाच्या कलमाचं, काय केलंय, तालुका कोर्टात बसून बघा.

वरणबट्टी: सर्वेक्षणातून ना गुन्हा दाखल होतो ना पोटगी मिळते. वाढवून सांगून पदरात काय पडणार?

आणि हिंसाचाराचे प्रश्न विचारताना खरी गोची एकांताची. नियम असा: दोन सुना असल्या तरी घरातून एकच निवडायची, बाकीच्यांना या भागाचा पत्ता लागू द्यायचा नाही. कुणी डोकावलं की लगेच दुसऱ्या विषयावर जायचं. एकांत मिळालाच नाही तर भाग कोरा. त्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या जून ते डिसेंबरात झालं. ऑक्टोबरपासून बाया दिवसभर कापूस वेचायला. घरी सापडणार संध्याकाळी, सासू ओट्यावर आणि नवरा खाटेवर असताना.

सातपुडा: एकांत मिळवायचं शिकवतात हो सगळ्यांना! पण सर्वेक्षणाला फिरणाऱ्या पोरी कंत्राटी, डोक्यावर फॉर्मांची घाई. हा भाग प्रश्नावलीच्या शेवटाकडे, तोवर बाई भाकरी टाकायला उठलेली असते. तो आधी घ्या ना.

तापीकाठ: आधी घेतला तर 'नाही' हेच उत्तर येणार. त्या भागातही सुरुवात नवरा संशय घेतो का, माहेरच्यांना भेटू देतो का इथून. मग अपमान, मग मारहाण, लैंगिक हिंसा त्यानंतर. हा क्रम मोडलात की आकडा खाली येतो.

सातपुडा: मग माणशी फॉर्म कमी करा आणि मजुरी वाढवा. ते कुणी बोलत नाही.

कपाशीवाला: भो, धागा मजुरीचा नाही. बंद खोलीतल्या गोष्टीला पुरावा काय, ते सांगा.

निंबोणी: आधी कायदा नीट वाचा. १८ वर्षांवरच्या बायकोला न्याय संहितेचं कलम ६३, म्हणजे बलात्काराचं, नवऱ्याविरुद्ध लागू नाही, अपवाद २ मुळे. जुन्या दंड संहितेतल्या याच अपवादावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची २०२२ मध्ये मतं फुटली. पण बायको वेगळी राहत असेल तर कलम ६७, शिक्षा २ ते ७ वर्षं. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरलेलाच आहे. संरक्षण अधिकाऱ्याच्या नमुना १ मध्ये, म्हणजे घटनेच्या अहवालात, त्याचा वेगळा रकाना असतो. घोळ तिथेच होतो: भरणारा 'मारहाण, शिवीगाळ' लिहून मोकळा, हा रकाना कोरा, आणि पुढे कोर्टात वकील विचारतो, तेव्हा का नाही सांगितलं? सही करण्याआधी तो वाचून घ्यायचा, प्रत मागून घ्यायची. अर्जाची पहिली तारीख साधारण ३ दिवसांत, निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न असं कलम १२ म्हणतं. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कपाशीवाला: म्हणजे सोय आहेच. ओरड कशाला?

निंबोणी: सोय संरक्षण आदेशाची. गुन्हा ठरतो तो आदेश मोडल्यावर, कलम ३१, कैद १ वर्षापर्यंत. आधी जे केलं त्याची शिक्षा त्यात नाही.

कपाशीवाला: धन्य आहात सगळे. खान्देशचं वाक्य काढतो, ६ च्या आधी 'किमान' टाकतो. पुण्या-मुंबईचं खूळ मात्र राहणार.

वरणबट्टी: राहू द्या. खाली फक्त हे जोडा: त्याच सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सांगणाऱ्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या १४ टक्के. ओरड करतंय कोण, ते मोजा.