इंग्लंडमधल्या केन हिलचे लॉक (कालव्यात बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले पाण्याचे हौद) उतरताना बोटीची मागची बाजू अडकू नये म्हणून काय करावं?

प्रश्न: आमची ५७ फुटी नॅरोबोट (कालव्यातली अरुंद, लांब बोट) डेव्हायझेसहून बाथकडे न्यायची आहे. ओळीने २९ लॉक, सगळे उताराचे. सिलची धास्ती आहे. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात काही गुंतलं तर तेही सांगा.

उत्तर १: सिल म्हणजे वरच्या दरवाजाखालचा उंबरठा, लॉक भरलेला असताना तो दिसत नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे बोट ठेवा, रडरसकट (मागच्या सुकाणूसकट)! दोर खुंटाला करकचून बांधू नका, बोट लटकेल. एक वेढा घेऊन हाताने सैल सोडत राहा. मागची बाजू टेकलीच तर आधी खालच्या दरवाजाची पॅडल्स (पाणी सोडायच्या झडपा) बंद, मग वरच्या दरवाजाची हळूहळू उघडा. पॅडलपाशी उभ्या माणसाची नजर सतत बोटीवर हवी, हे सर्वांत महत्त्वाचं.

उत्तर २: पंख्यासाठी: इंजिन बंद, चावी खिशात, मगच वीड हॅच (पंख्यापर्यंत हात पोचवायचं झाकणबंद तोंड) उघडा. प्लॅस्टिक, दोर करवतीच्या सुरीने कापा. झाकण घट्ट आवळून इंजिन जरा चालवून बघा. सैल राहिलं तर पंखा इंजिनखान्यात पाणी फेकतो आणि बोट बुडते.

उत्तर ३: लॉक १४ फूट रुंद आहेत, त्यामुळे दुसरी नॅरोबोट शेजारी घ्या, पाणी वाचतं, हातही वाढतात. विंडलास (पॅडल फिरवायचा दांडा) स्पिंडलवर, म्हणजे तो बसवतात त्या खुंटीवर, सोडू नका, पॅडल सुटलं तर तो गरगर फिरून हात मोडतो.