अमेरिकेचे कोविडकाळातले चेक: मदत की खिरापत?

एडिसनकर
काल 'उंटावरचा शहाणा' यांनी इथे लिहिलं की २०२०मध्ये अमेरिकेने घरबसल्या डॉलर वाटले, माणसं ऐदी झाली आणि महागाई भडकली. १९३०च्या दशकातल्या मंदीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने निदान रस्ते-पूल तरी बांधून घेतले होते, असंही त्यांचं म्हणणं. वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. अहो, घरी बसा असं सरकारच सांगत होतं! एप्रिलमध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या वर. त्या साथीत माणसांना खडी फोडायला कुठे पाठवणार होतात? मिळालं काय, तर माणशी १२०० डॉलर आणि पोरामागे ५००. आमच्याकडे तेवढ्यात महिन्याचं भाडंही निघत नाही. खरा आधार बेकारी भत्त्यावरच्या आठवड्याच्या जादा ६०० डॉलरचा, तोही जुलैअखेर बंद. फ्लोरिडात भत्त्याची वेबसाइट कोसळली आणि लोक कागदी अर्जासाठी रांगेत. सॅन अँटोनिओत फूड बँकेपुढे हजारो गाड्या. हे सगळे ऐदी?

उंटावरचा शहाणा
गाडीत बसून फुकटचं धान्य! यातच सगळं आलं. ते ६०० चालू होते तेव्हा तिकडे आमच्या मेव्हण्याच्या हॉटेलात भांडी घासायला माणूस मिळेना. "घरी बसून जास्त मिळतंय," असं तोंडावर सांगून एक जण गेला. आणि जून २०२२मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, ती काय आकाशातून पडली?

मोगरा
काका, तिकडे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. पगार वाढवून पाहिला का मेव्हण्यांनी? आणि पीपीपीचं, म्हणजे माणसं कामावर ठेवण्यासाठीचं सरकारी कर्ज घेतलं असेलच. धंदेवाल्यांना ८०० अब्ज डॉलरच्या आसपास दिले, बहुतेक माफ झाले. त्याला खिरापत कोणी म्हणत नाही.

उंटावरचा शहाणा
घेतलं, माफही झालं. माणसं कामावर ठेवली म्हणून माफ झालं. फरक कळतो का?

मोगरा
कळला. माणूस मिळत नव्हता आणि माणसं ठेवलीही होती.

त्रिशंकू
तुमचं चालू द्या. मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या. तिला कामाची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. कराचं रिटर्न दोघांचं एकत्र आणि नंबर दोघांचा हवा, म्हणून मलाही चेक नाही. मुलगी इथे जन्मलेली, अमेरिकन नागरिक, तिचे ५००सुद्धा नाहीत! मे महिन्यात नोकरी गेली. भत्ता नाही, वर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर चालते व्हा. चालते कसे होणार? 'वंदे भारत'च्या विमानांची तिकिटं मिळत नव्हती. बेकारी विम्याला आमचे पैसे चालतात, आम्ही चालत नाही.

खडूस
बेकारी विम्याचा तो कर कंपनी भरते, तुम्ही नाही. आणि डिसेंबर २०२०च्या कायद्याने चेकचा नियम बदलला, मागचे पैसेही रिटर्न भरून मागता आले. अर्धवट सांगू नका.

त्रिशंकू
न्यू जर्सीत कामगाराच्या पगारातूनही कापतात. पे-स्टब, पगाराची पावती पाठवू? चेकचे पैसे मागितले, मिळालेही, पण जूनचं भाडं पुढच्या वर्षीच्या रिटर्नमधून भरायचं का? आणि सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी पगारातून कापतात ते ६.२ टक्के? त्या पेन्शनबाबत भारताशी करार नाही. दहा वर्षं भरायच्या आत परत गेलो की गंगार्पण!

नाशिकवाला
आमंत्रण कोणी दिलं होतं? इथे मुंबई-आग्रा रोडवरून मजूर लेकरं खांद्यावर घेऊन चालत गेले, ते पाहिलंय मी. तुमचे ६.२ टक्के ऐकून डोळे पाणावले.

त्रिशंकू
त्या मजुरांना तुम्ही काय दिलंत? रस्त्यावर उभं राहून फोटो काढलेत ना?

नाशिकवाला
पोळ्या दिल्या. आमच्या सोसायटीने. तोंड सांभाळून बोला.

एडिसनकर
व्हिसाने धागा गिळला. रूझवेल्टचं राहिलंच: १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि काळे कामगार बहुतेक त्याच कामांत. त्यामुळे जुनं ते सोनं हे मला सांगू नका. महागाई म्हणाल तर युरोपातही १० टक्क्यांवर गेली, तिथे कुठे हे चेक होते? २०२१चे १४०० डॉलर जरा सढळ हाताने झाले, एवढं म्हणेन. पण त्याच वर्षी मुलांसाठी दरमहा पैसे दिले तेव्हा बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. ते बंद झाले आणि २०२२मध्ये १२.४.

उंटावरचा शहाणा
युरोपात रशियाचा गॅस बंद झाला होता, ते सोयीने विसरलात. बरं, पोरांचे द्या. बापाच्या हातात नको, आईच्या खात्यावर. आणि मेव्हण्याचा विषय बंद, त्याची बायकोही इथे वाचते.