हाडाच्या ऑपरेशननंतर गावात केलेले व्यायाम: तुमचे अनुभव लिहा

आर्वी तालुका, जि. वर्धा (धागा सुरू करताना)

गेल्या दिवाळीनंतर आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधाबदलाचं ऑपरेशन नागपूरला झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, पाचव्या दिवशी घरी पाठवलं आणि व्यायामाचा एक कागद हातात दिला. कागद सोपा होता, पण आमचं घर वेगळं. चूल जमिनीवर, जेवण पाटावर, संडास अंगणाच्या टोकाला, मध्ये दोन उंबरठे.

पहिली चूक माझीच. गुडघ्याखाली उशी ठेवली की आईला बरं वाटायचं, म्हणून आठ-दहा दिवस मी ती काढलीच नाही. तपासणीला गेलो तर पाय सरळ होईना. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, गुडघा अर्धवट वाकलेला राहिला की तसाच आखडतो आणि मग चालताना लंगड येते. त्यांनी उशी काढायला लावली आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली, म्हणजे गुडघा आपल्याच वजनानं खाली जातो. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं. आई ओठ आवळून पडून राहायची आणि मी शेजारी बसून तिला कापसाचे भाव सांगत राहायचो.

गुडघा वाकवायला टाच गादीवरून मागे सरकवायची असते. चादरीवर टाच अडते. आम्ही पायात मोजा घालून खाली प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी अंथरली, तेव्हा ते जमलं. दीड महिन्यात पाय सरळ झाला आणि वाकणं नव्वद अंशांपर्यंत आलं.

घरात काय बदललं, कोण मदतीला आलं, काय चुकलं, सगळं लिहा. दवाखान्यातून निघताना हे कोणी सांगत नाही.

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

माझ्या नळीच्या हाडात रॉड टाकला, बैलबंडी अंगावर आली होती. हाडाचे तुकडे जास्त होते, म्हणून डॉक्टरनं सांगतलं, सहा आठवडे पाय टेकवू नको. पण पेरणी तोंडावर, घरात माणूस नाही. चौथ्या आठवड्यात मी कुबड्या ठेवून वावरात गेलो. दुखलं नाही, म्हणून रोज जात रायलो. पुढच्या एक्स-रेमध्ये खालचा स्क्रू मोडलेला निघाला आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. दुखत नाही म्हणजे हाड जुळलं असं नसते, हे मले तवा समजलं. पेरणी शेवटी भावानंच केली. पहिल्यांदाच त्याले म्हटलं असतं तर झालं असतं.

एक गोष्ट अजून. पाय डावा दुखत असन तर काठी उजव्या हातात धरा. मी दोन महिने उलटी धरली.

मेहकर तालुका, जि. बुलढाणा

मुलगा झाडावरून पडला, कोपराजवळ हाड मोडलं, तारा टाकल्या. तारा काढल्यावर डॉक्टर म्हणाले, खेळू द्या, हात हळूहळू सुटेल. आमच्या घरच्यांना धीर निघाला नाही. मालिश करणाऱ्याकडे नेलं, त्यानं जोर लावून हात ओढला. कोपर सुजलं आणि महिनाभरानं एक्स-रेत स्नायूमध्येच हाड धरलेलं दिसलं. हात आजही पूर्ण सरळ होत नाही. कोपराला मालिश आणि ओढाताण करू नका, हात जोडून सांगते.

फिजिओथेरपिस्ट, चंद्रपूर जिल्हा

वरच्या ताईंचं अगदी खरं आहे. मालिशचे असे हात मी बरेच पाहिलेत.

व्यायामानं दुखणारच. पण ते तास-दोन तासांत उतरलं पाहिजे. रात्रभर ठणकलं आणि सकाळी सूज वाढली, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करा, पण बंद करू नका. बर्फ पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पावलं वर-खाली हलवण्याचा व्यायाम क्षुल्लक समजून टाळतात. तो पोटरीतलं रक्त फिरतं ठेवण्यासाठी असतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर चोळू नका, लगेच दवाखाना गाठा. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८ लावा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उंबरठ्यालाही हेच.

साकोली तालुका, जि. भंडारा

सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. सांगितलं होतं, काही महिने उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, नाहीतर सांधा निसटू शकतो. मग संडासाचं काय करायचं? मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची तालुक्याच्या मेडिकलमधून आणली. बाज फार खोलगट होती, ती काढून लाकडी पलंग आणला आणि त्याच्या पायांखाली दोन-दोन विटा दिल्या. उठताना गुडघे कमरेच्या खाली राहिले पाहिजेत, एवढंच बघायचं. कुशीवर झोपताना पायांमध्ये उशी. त्यांना माझ्यासमोर खुर्चीवर बसायची लाज वाटायची. पंधरा दिवस मी मागे फिरून दाराशी उभी राहिले, मग ती लाज गेली.

आर्वी तालुका (पुन्हा)

विटांची युक्ती आजच करतो. ज्यांना फिजिओथेरपीसाठी एसटीनं जावं लागतं त्यांच्यासाठी: बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे मोफत, ओळखपत्र सोबत ठेवा. आम्ही आठवड्यातून एकदाच जातो, बाकी सहा दिवस घरी मीच करवून घेतो.

चूल आता ओट्यावर आली. आई उभ्यानं भाकरी थापते. तिचा एकच प्रश्न असतो, यंदा कापूस वेचणीला जाता येईल का. वाकून पऱ्हाटीत दिवस काढणं त्या गुडघ्याला झेपेल का, की कंबरेला कापड बांधून धुऱ्याजवळच्या दोन ओळींपुरतं जावं? सांधाबदलानंतर कोणी वेचणी केली असेल तर नक्की लिहा. मी तिला वाचून दाखवतो.