एरेक्थियॉन: कथेने मंदिर वाकवले की मंदिराने कथा रुजवली?

(शिलालेख, वाटसरू आणि दीपमाळ ही या चर्चेत बोलणाऱ्यांची नावे आहेत.)

शिलालेख:
अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर अथीना देवीच्या पार्थेनॉन मंदिराच्या उत्तरेला एरेक्थियॉन हे प्राचीन ग्रीक मंदिर उभे आहे. पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) जितके सममित, तितकेच हे विषम. त्याच्या पूर्वेची जमीन उत्तरेकडच्या जमिनीहून सुमारे तीन मीटर उंच आहे, दोन बाजूंचे मंडप एकमेकांशी मेळ नसलेले आहेत आणि दक्षिणेकडच्या मंडपाचे छत खांबांऐवजी सहा स्त्रीमूर्तींनी डोक्यावर तोलले आहे. काम इ.स.पू. ४२१च्या सुमारास सुरू होऊन ४०६च्या सुमारास संपले असे सामान्यतः मानतात. त्याच टेकडीवर नुकतेच पार्थेनॉन उभारलेल्या नगराला सरळ मंदिर बांधता येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही.

हा वाकडेपणा कथेने घडवला, असे माझे ठाम मत आहे. नगराचे दैवत कोण व्हावे यावरून अथीना आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात स्पर्धा लागली, तेव्हा पोसायडनने त्रिशूळ मारून खडकातून खारे पाणी काढले, अथीनाने ऑलिव्हचे झाड उगवले आणि कौल तिच्या बाजूने लागला. उत्तर मंडपात फरशीचा एक भाग मुद्दाम उघडा ठेवून खालच्या खडकावरच्या खुणा दिसू दिल्या आहेत आणि बरोबर त्यांच्या वर छतातही मोकळी जागा सोडली आहे, म्हणजे आकाशातून आलेल्या आघाताची वाट बंद होऊ दिलेली नाही. पवित्र ऑलिव्ह पश्चिमेच्या आवारात होता. नैऋत्य कोपऱ्याखाली आद्य राजा केक्रॉप्सची समाधी मानली जाई. तिच्यावर भार येऊ नये म्हणून तिथली भिंत एका प्रचंड दगडी तुळईवर तोलून धरली आहे. या खुणा जागच्या हलवता येत नव्हत्या, म्हणून मंदिरानेच अंग चोरले.

वाटसरू:
आपले निरीक्षण अचूक आहे, पण निष्कर्ष मला उलटा वाटतो. अथीनाने अथेन्सचा पुराणकथेतला राजा एरेक्थियस याला आपल्या संपन्न मंदिरात स्थान दिले, एवढे होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याला ठाऊक आहे, देवांच्या स्पर्धेचा मात्र तिथे मागमूस नाही. त्या स्पर्धेचे आपल्या हाती असलेले सर्वांत जुने स्पष्ट पुरावे म्हणजे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा उल्लेख आणि पार्थेनॉनच्या पश्चिम त्रिकोणिकेतील (छताखालच्या त्रिकोणी भागातील) शिल्पे. दोन्ही इ.स.पू. ४८०मध्ये सालामिसला पर्शियनांवर मिळवलेल्या नाविक विजयानंतरचे आहेत, म्हणजे ज्या काळात अथेन्सचे सामर्थ्य त्याच्या आरमारावर उभे होते त्या काळातले. अशा नगराला समुद्राचा देव आपल्या टेकडीवर हवासा वाटला, तर त्यात आश्चर्य नाही.

शिवाय उत्तर मंडपातल्या खुणांचा अर्थही एक नाही. कोणी त्या त्रिशुळाच्या म्हणतात, तर कोणी एरेक्थियसला मारणाऱ्या देवराज झ्यूसच्या वज्राच्या. एकाच खडकाला दोन कथा चिकटतात, तेव्हा खडकाचे पावित्र्य आधीचे आणि कथा नंतरची, असेच मानावे लागते. स्त्रीमूर्तींचेही तसेच. बांधकामाच्या शिलालेखात त्यांना केवळ ‘कन्या’ म्हटले आहे. पर्शियनांना साथ दिल्याची शिक्षा म्हणून कॅरिए गावच्या स्त्रियांना भार वाहायला लावले, ही अशा स्तंभांची कथा रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो ती तब्बल चार शतकांनंतर. कथा कशी वाढते हे ऑलिव्हच्या बाबतीत तर मोजूनच दाखवता येते: पर्शियनांनी झाड जाळल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला एक हात लांबीचा कोंब फुटला होता, असे हिरोडोटस लिहितो, सुमारे सहाशे वर्षांनी ग्रीक प्रवासी पॉसॅनियस लिहितो की, तो त्याच दिवशी दोन हात वाढला.

शिलालेख:
उल्लेख उशिराचा म्हणून कथाही उशिराची, हे मला मान्य नाही. लेखनात आलेले तेवढेच लोकांच्या तोंडी होते असे कोणत्याही समाजाबद्दल म्हणता येत नाही. आपण काढलेला बांधकामाचा शिलालेख माझ्याही बाजूने बोलतो. इ.स.पू. ४०९च्या सुमाराच्या, त्यात कोरलेल्या कामाच्या पाहणीत अपुऱ्या कामांची नोंद करताना ‘केक्रॉप्सच्या स्थानाजवळचा कोपरा’ असा निर्देश येतो. पाथरवटांसाठी ती समाधी इतकी पक्की होती की, दगड कुठला हे सांगायला तीच खूण पुरत असे. खडकाला दोन कथा चिकटल्या हा मुद्दा मात्र बिनतोड आहे, आणि तिथे मी माझे विधान ‘कथेने’ ऐवजी ‘कथा वाहणाऱ्या जागांनी’ असे बदलतो.

दीपमाळ:
आपल्या दोघांच्याही मांडणीत पूजा सुटली आहे. त्याच पाहणीत या इमारतीची ओळख ‘प्राचीन मूर्ती जिच्यात आहे ते मंदिर’ अशी दिली आहे. ती मूर्ती ऑलिव्हच्या लाकडाची, आकाशातून पडली अशी श्रद्धा असलेली, म्हणजे मराठीत आपण जिला स्वयंभू म्हणू त्या जातीची. अथीनाच्या पॅनअथेनाइया उत्सवात विणलेले वस्त्र अर्पण होई ते तिलाच. ॲक्रोपोलिसचा राखणदार मानलेल्या सर्पाला दर महिन्याला मधाची पोळी ठेवली जाई आणि पर्शियन चालून येत असताना ती तशीच राहिली, तेव्हा देवीनेच गड सोडला असे समजून लोक शहर सोडायला अधिक तत्परतेने निघाले, असे हिरोडोटस सांगतो. हे कथा ऐकणाऱ्यांचे नव्हे, नेमाने नैवेद्य ठेवणाऱ्यांचे वागणे आहे.

वाटसरू:
हे म्हणणे मला पटते, आणि त्यामुळे माझीच एक अडचण समोर येते. एरेक्थियॉनच्या लगत दक्षिणेला अथीनाच्या जुन्या मंदिराचा सपाट पाया होता. पर्शियनांनी इ.स.पू. ४८०मध्ये ते मंदिर उद्ध्वस्त केले होते. तयार पाया सोडून उतारावर का बांधले? शिलालेख म्हणतील, खुणांसाठी. मला वाटते, त्याबरोबरच विध्वंसाची आठवण जपण्यासाठीही. तेव्हा अर्धवट राहिलेल्या आधीच्या पार्थेनॉनच्या स्तंभांचे गोल तुकडे अथेन्सकरांनी ॲक्रोपोलिसच्या उत्तर तटात ओळीने बसवले. ते आजही खालच्या शहरातून दिसतात. कोंबाची कथाही त्याच आगीच्या दुसऱ्या दिवसाची आहे.